तेरा वर्षांच्या मुलीला किशोरवयीनांचा रिॲलिटी शो पाहू द्यावा का?

लगेच बंद करू नका ताई, आधी दोन भाग तिच्याशेजारी बसून बघा. ओटीटीवर असेल तर वयाची खूण दिसते. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार त्या खुणा अशा: यू (सगळ्यांसाठी), यू/ए 7+, 13+, 16+ (त्या वयाखालच्यांनी पालकांच्या देखरेखीत बघायचं) आणि ए (फक्त मोठ्यांसाठी). 13+ पासून पुढं ओटीटीवाल्यांना पालकांसाठी लॉकही द्यावंच लागतं. पण भांडणं किती जिव्हारी लागणारी आहेत, हे ती खूण सांगत नाही.

आम्ही लातुरात लेकीसोबत असाच एक शो बघत होतो. त्यातली एक पोरगी रडायला लागली, कॅमेरा तिच्या तोंडावरून हलेना, मागं संगीत चढत गेलं. लेक म्हणाली, "आई, हिला कुणी पाणी का देईना?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. लेकरू रडणाऱ्यावर हसायला लागलं किंवा मैत्रिणींना तसेच टोमणे मारायला लागलं, तर मात्र काही दिवस थांबवा.