मोठा कुत्रा: अंगणात की घरात?

लॅब्रॅडोर असो की जर्मन शेफर्ड, झोपायला घरात आणि पळायला अंगणात, असंच धरून चाला. अंगण मोठं असलं म्हणून कुत्रा आपणहून व्यायाम करत नाही. एकटा सोडला की फाटकाशी बसून भुंकतो, नाहीतर कुंड्या उकरतो. दोन वेळचं फिरवणं चुकत नाही.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर ठेवू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.
- पत्र्याची शेड नकोच. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना, बाकी सगळी भिस्त धापेवर. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.
- उघड्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जाड गादी द्या. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात, तिथे रबरी मॅट टाका.

गोचिडांकडे मात्र रोज लक्ष हवं. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली चाचपून बघा. जेवण सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या, तर गोचिडांमुळे येणारा ताप असू शकतो; त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि दिवसभर साखळीला बांधू नका. चिडका, चावरा कुत्रा बहुतेक वेळा तिथेच घडतो.