प्रकाश वाढला की द्रावण अधिक गडद का होते?

प्रश्न : मी एम.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकते. तीव्र प्रकाशात मूलावस्थेतील (सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेतील) रेणूंची संख्या घटते आणि म्हणून रंगद्रव्याचे शोषण कमी होते, असे आम्हाला शिकवले आहे. मग सी-६० या फुलरीनचे (साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूचे) द्रावण लेसरच्या तीव्र स्पंदाला (क्षणिक झोताला) उलट अधिक अडवते, ते कसे?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपण शिकलात ते बरोबर आहे, मात्र उत्तेजित झालेला रेणू त्याच रंगाचा प्रकाश पुन्हा फारसा शोषत नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. सी-६० च्या बाबतीत नेमके हेच गृहीत टिकत नाही.

टोल्यूइनमधले सी-६० चे द्रावण जांभळे दिसते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मूलावस्थेतील रेणू बेताचाच शोषतो, कारण त्याच्या उच्च सममितीमुळे खालच्या पातळ्यांवरची संक्रमणे जवळजवळ निषिद्ध ठरतात. पण एकदा फोटॉन शोषला गेला की रेणू सुमारे एक नॅनोसेकंद ‘एकक’ (सिंगलेट) उत्तेजित अवस्थेत राहतो आणि मग बहुतेक सगळे रेणू अधिक काळ टिकणाऱ्या ‘त्रिक’ (ट्रिप्लेट) अवस्थेत उतरतात. या दोन्ही अवस्था हिरवा प्रकाश मूलावस्थेपेक्षा अधिक शोषतात, त्यामुळे काही नॅनोसेकंदांच्या स्पंदाचा पुढचा भाग रेणूंना उत्तेजित करतो आणि मागून येणारा भाग त्यांच्यातच अडकतो. यालाच व्यस्त संपृक्त शोषण म्हणतात.

झेड-स्कॅन प्रयोगात हे डोळ्यांसमोर घडते. एक मिलिमीटर जाडीची कुपी भिंगाच्या नाभीकडे, म्हणजे प्रकाश सर्वांत तीव्र असतो त्या बिंदूकडे, हळूहळू सरकवत न्यावी, तसतसा पलीकडच्या प्रकाश मोजणाऱ्या शोधकावरचा आकडा उतरत जातो, नाभीवर तळ गाठतो आणि कुपी पुढे गेली की पुन्हा चढतो. तीव्र प्रकाशात शोषण घटणाऱ्या नेहमीच्या (संपृक्त) रंगद्रव्यात आलेखावर याच जागी खळग्याऐवजी उंचवटा मिळतो.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. तसाच खळगा खऱ्या द्विफोटॉन शोषणामुळेही येतो, ज्याचे भाकीत मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ च्या आपल्या प्रबंधात केले होते. त्यात दोन फोटॉन एकदमच शोषले जातात, मध्ये खरी उत्तेजित अवस्था नसते. ते शोषण त्या क्षणीच्या तीव्रतेवर ठरते, तर टप्प्याटप्प्याने होणारे शोषण मुख्यतः स्पंदात तोवर आलेल्या एकूण ऊर्जेवर अवलंबून असते. म्हणून नॅनोसेकंद स्पंदांनी मोजलेला शोषणाचा गुणांक केवळ रेणूचा द्विफोटॉन गुणांक म्हणून मांडणे मला चुकीचे वाटते. तेच मापन फेमटोसेकंद (नॅनोसेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या) स्पंदांनी करून पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये.

शोषणाखेरीज अपवर्तनांकाशी निगडित अरेषीय (प्रकाशाच्या सम प्रमाणात न वाढणारा) प्रतिसादही उत्तेजित अवस्थेत बदलतो. त्याच्या सूत्रात पातळ्यांमधील ऊर्जाभेद छेदात येतात, आणि उत्तेजित पातळ्या एकमेकींच्या जवळ असल्याने हा प्रतिसाद मूलावस्थेपेक्षा कितीतरी मोठा, प्रसंगी विरुद्ध चिन्हाचाही असू शकतो. पॅरा-नायट्रोॲनिलीनसारख्या रेणूत उत्तेजनाबरोबर इलेक्ट्रॉनभार अमिनो गटाकडून नायट्रो गटाकडे सरकतो आणि द्विध्रुव आघूर्ण (धन-ऋण भारांच्या विलगतेचे माप) वाढते. असा रेणू रासायनिक सूत्राने तोच असला तरी प्रकाशाच्या दृष्टीने वेगळाच असतो.

आपण प्रयोग करणार असाल तर द्रावणातून आधी नायट्रोजन किंवा आरगॉन बुडबुडवून घ्या. विरघळलेला ऑक्सिजन त्रिक अवस्था शमवतो, म्हणजे लवकर संपवतो. काही नॅनोसेकंदांच्या एकट्या स्पंदात त्याचा फरक थोडाच दिसेल, पण मायक्रोसेकंदांच्या स्पंदात खळग्याची खोली त्यामुळे कमी भरेल.