टोमॅटोचं झाड बिघडलं? बाटली विकत घेण्याआधी हे तपासा

परसबागेत, गच्चीवरच्या कुंड्यांत किंवा शेताच्या कडेला घरापुरते टोमॅटो लावणाऱ्यांचे प्रश्न साचले होते. बहुतेक प्रश्नांच्या शेवटी एकच वाक्य आहे: कोणतं औषध मारू? मी इतक्या ठिकाणी ही झाडं पाहिली आहेत की आधीच सांगतो, यातल्या बऱ्याच तक्रारींना औषध लागत नाही. पाणी, ऊन आणि नत्र यांचं गणित चुकलेलं असतं. त्यावर फवारणी केली की मूळ दुखणं तसंच राहतं आणि पानं करपतात ती वेगळीच.

फळाचं बूड काळं पडून आत दबतं. दुकानदाराने सांगितलं म्हणून कॅल्शियम फवारलं, तरी फरक नाही.

फरक पडणारही नाही. हा रोग नाही, बुरशीही नाही. फळाच्या टोकाशी कॅल्शियम कमी पडलं की तिथल्या पेशी मरतात आणि चामड्यासारखा काळा डाग पडतो. आता मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं. ते पाण्याबरोबर मुळांतून वर चढतं, आणि पाणी जिथून जास्त उडून जातं तिकडे, म्हणजे पानांकडे, जास्त जातं. फळातून पाणी फारसं उडत नाही. त्यामुळे दोन दिवस माती कोरडी आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी असं चाललं की पहिली उपासमार फळाच्या टोकाची होते. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच अडकतं, तिथून फळात उतरत नाही. म्हणून ती बाटली घेऊ नका.

युरिया वाढवू नका. जास्त नत्राने पाला माजतो, तो पाणी ओढतो आणि फळ आणखी उपाशी राहतं. एप्सम सॉल्ट तर अजिबात टाकू नका. त्यातलं मॅग्नेशियम मुळाशी कॅल्शियमच्याच वाटेत येतं, त्यामुळे हा त्रास वाढू शकतो. अंड्याची टरफलं टाकायला हरकत नाही, पण ती कुजायला महिने लागतात, या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही.

डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. पाणी नियमित करा. पहिल्या घोसांवर हा त्रास जास्त दिसतो, पाणी जागेवर आलं की पुढचे घोस स्वच्छ येतात.

आणि आच्छादन करा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि पुन्हा सांगेन. वाळलेलं गवत, पेंढा, पालापाचोळा, जे हाताशी असेल त्याचा 5 ते 8 सेंटिमीटर जाड थर झाडाभोवती पसरा. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड सडतं. तणनाशक मारलेलं गवत मात्र वापरू नका, काही तणनाशकांचा अंश गवतात टिकतो आणि टोमॅटो त्याला फार नाजूक आहे. या एका थराने ओल टिकते, मुळं गार राहतात आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर मातीतली बुरशी खालच्या पानांवर उडत नाही. बुडाचे डाग, फळ तडकणं आणि पानांवर डाग पाडणारा करपा या तिन्हींवर उपयोगी पडेल असं दुकानातलं एकही औषध मला माहीत नाही.

पाणी किती द्यायचं, असं विचारणाऱ्यांनी बोट मातीत दोन पेरं खुपसावं. कोरडं लागलं तर पाणी, ओल लागली तर थांबा. कुंडी लहान असेल तर हा हिशेब कधीच जमत नाही. एका झाडाला निदान 15 ते 20 लिटर माती हवी आणि खाली भोक हवंच.

पानं वळली आहेत. व्हायरस आहे असं सांगून तीन औषधं एकत्र मारायला दिली.

पान वळलं म्हणजे व्हायरस, हे दुकानातलं निदान आहे. आधी नीट पाहा. खालची जुनी पानं वर वळली आहेत, जाड लागतात, पण रंग हिरवा आहे आणि शेंडा जोमात आहे? मग ते ऊन, पाण्याचा ताण किंवा एकदम जास्त छाटणी यामुळे झालेलं आहे. काही करू नका. फळाला त्याचं काही होत नाही.

शेंड्याची नवी पानं बारीक, पिवळट कडांची, वर चुरगळलेली आणि झाड खुजं राहिलेलं असेल, तर मात्र तो पर्णगुच्छ, म्हणजे खरोखरचा विषाणूजन्य रोग. सकाळी पान हळूच उलटं करा. बारीक पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या तर रोग आणणारी तीच. या विषाणूवर औषध नाही. कुठल्याही बाटलीत नाही. लागण झालेलं झाड पिशवीत घालून उपटा, म्हणजे माश्या शेजारच्या झाडावर जाणार नाहीत. बाकीच्या झाडांसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि 5 टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालच्या बाजूला बसेल असा संध्याकाळी फवारा. रोपं लहान असतानाच बारीक जाळीखाली ठेवली तर यातलं बरंचसं टळतं.

तिसरा प्रकार: पानं दोरीसारखी पिळलेली, नेच्याच्या पानासारखी लांबट. हे बहुतेक वेळा तणनाशकाचं काम. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी टोमॅटोला वापरू नका. तो पंप वेगळाच ठेवा.

आणि तीन औषधं एका पंपात कालवू नका. काय कशाशी जुळतं हे न पाहता केलेल्या मिश्रणाने पानं जळालेली झाडं मी फार पाहिली आहेत. मात्रा दुप्पट केली तर कीड दुप्पट मरत नाही. लेबलवर लिहिलं आहे तेवढंच घ्या, झाकणाच्या अंदाजाने ओतू नका.

फुलं भरपूर, पण गळून जातात.

दिवसाचं तापमान 35 अंशांच्या आसपास गेलं किंवा रात्र फार उबदार किंवा फार थंड असली की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. हवामान बदललं की आपोआप फळ धरतं. दुपारी सावलीची जाळी धरा, नत्र थांबवा. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्याला फक्त हलायला हवं. वारा नसलेल्या जागी सकाळी घोसाच्या देठाला बोटाने टिचकी मारा. फुलगळीवरची टॉनिकं घेऊ नका, उष्णतेवर टॉनिक चालत नाही.

पानांवर डाग, खालून वर चढत जातात.

तपकिरी डागात एकात एक वर्तुळं असतील तर लवकर येणारा करपा. डाग पडलेली खालची पानं कोरड्या हवेत काढा, झाड काठीला बांधून जमिनीपासून वर घ्या, पाणी बुडाशी द्या. पानं ओली करणारं संध्याकाळचं पाणी बंद. एवढ्याने बहुतेक झाडं सावरतात.

थंड, ढगाळ, ओल्या हवेत पाण्याने भिजल्यासारखे काळपट चट्टे पडले आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. इथे वाट पाहू नका. काही दिवसांत झाड जातं. लागलेली झाडं काढून टाका. उरलेल्यांवर टोमॅटोसाठी शिफारस असलेलं बुरशीनाशक लगेच घ्या. बुरशीनाशक निरोगी पान वाचवतं, मेलेलं पान जिवंत करत नाही, त्यामुळे झाड अर्धं काळं झाल्यावरची फवारणी म्हणजे उशीर. लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं, ते पाळा. ही फळं तुमच्याच घरात खाल्ली जाणार आहेत.

हिरवंगार झाड एका दुपारी मान टाकतं, सकाळी सावरतं, मग कायमचं जातं.

खोड बुडाशी तिरकं कापा. कापलेलं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात न हलवता धरून ठेवा. थोड्या वेळात दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर ती जिवाणूजन्य मर. झाड वाचत नाही. धार नाही, पण खोडाच्या आत तपकिरी रेघा आहेत आणि पानं आधी एका बाजूने पिवळी पडली होती, तर बुरशीजन्य मर. त्यावर माती भिजवायची औषधं विकली जातात, पण मरगळलेलं झाड त्याने उभं राहत नाही. मुळांसकट उपटा, कात्री स्पिरिटने पुसा. त्या जागी पुढची काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काहीच लावू नका. कुंडी असेल तर माती बदला. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत, तिथे झेंडू लावा आणि लागवडीआधी निंबोळी पेंड मिसळा.

बाकीचे थोडक्यात.

फळ तडकतं: कोरड्या मातीवर एकदम जोराचं पाणी. वर सांगितलेलं आच्छादन.

फळाचे खांदे पिवळे राहतात: उष्णता. 30 अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. फळांवरची पानं छाटू नका आणि रंग यायला लागला की फळ तोडून घरात सावलीत पिकवा.

फळात भोक आणि अळी: घरच्या दहा झाडांना हातच पुरतो. सकाळी पोखरलेली फळं तोडून नष्ट करा, पानांवर अंडी दिसली तर पुसून काढा. फुलं उघडी असताना दिवसा कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या मरतात.

ठिबकच्या अनुदानाचं दोघांनी विचारलं आहे: नियम जवळच्या कृषी कार्यालयात विचारा, मंजुरीआधी संच विकत घेऊ नका.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना शेंड्याचा, खालच्या पानाचा आणि पानाच्या मागच्या बाजूचा असे तीन फोटो जोडा. पाणी किती दिवसांनी देता आणि आतापर्यंत काय काय फवारलं, हेही लिहा.