वाचकांचे प्रश्न : सिपोरेक्सची भिंत

प्रश्न : ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये गेल्या जुलैत हॉल आणि बेडरूमच्या मधे ४ इंची सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) भिंत घातली. आता कॉलमलगत उभी आणि बीमखाली आडवी, केसासारखी भेग दिसते. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, तरी पुन्हा उमटली. विटांचीच भिंत घालायला हवी होती का?

उत्तर : नाही. १० बाय १० फुटांची ४ इंची भिंत विटांची केली असती, तर प्लास्टर न धरताही स्लॅबवर दीड टनाहून जास्त वजन आलं असतं. सिपोरेक्सचं वजन त्याच्या साधारण एक तृतीयांश. भेग सांध्यावर आहे, ब्लॉकवर नाही. म्हणजे माल नव्हे, बहुधा काम चुकलंय. पावसात भिजलेले ब्लॉक तसेच लावले की पुढे कित्येक महिने ते सुकतात आणि आकसतात. काँक्रीटचा जुना कॉलम जागचा हलत नाही, मग प्लास्टर नेमकं त्या दोघांच्या मधे फाटतं. पुट्टी ताणली जात नाही, म्हणून ती दर वेळी फुटणार. बीमखाली अर्धा-पाऊण इंच फट सोडून ती आठ-दहा दिवसांनी भरायची असते. घाईत त्याच दिवशी भरली, की भिंत बसते आणि वर भेग उघडते.

दुरुस्ती दिवाळीनंतर करा. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिनाभर ती पुढे सरकली नाही तरच हात लावा. सांध्याच्या दोन्ही बाजूंचं ६-६ इंच प्लास्टर कटरने आखून काढा. सांधा इंचभर खोल खरवडा, धूळ ब्रशने झटका आणि पॉलिमर मिसळलेला मसाला दाबून भरा. कॉलमचं गुळगुळीत अंग टोचून खरखरीत करा. मग फूटभर रुंदीची फायबरची जाळी अर्धी कॉलमवर, अर्धी ब्लॉकवर ताणून बसवा. त्याऐवजी चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी, वापरलीत तर गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा मुलामा दिलेली) घ्या. खाडीच्या हवेत साधी तार गंजते आणि रंगावर तपकिरी ठिपके उमटतात. प्लास्टर १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), जाडी १२ मिलिमीटर. मिस्त्री ‘मजबुतीसाठी’ जास्तीचं सिमेंट टाकू पाहील, त्याला थांबवा. कडक प्लास्टर जास्त तडकतं. ब्लॉकवर पाण्याचा फवारा पुरे, पाइप सोडू नका.

भेग तिरकी, ब्लॉक चिरत गेलेली किंवा थेट कॉलम-बीमवर असेल, तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

प्रश्न : घणसोलीच्या घरी सिपोरेक्सच्या ४ इंची भिंतीवर २५ लिटरचा गीझर लावायचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) ठोकली की झालं.

उत्तर : नाही होणार. भरलेला गीझर ३५ किलोच्या आसपास जातो, आणि या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी चार दिवसांत सैल होते. ड्रिल हॅमरवर असेल तर पिठासारखी भुकटी पडते आणि भोक रुंद होतं, म्हणून हॅमर बंद ठेवूनच भोक पाडा. ४ इंची भिंतीत आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी आणि नट लावणं सगळ्यांत भरवशाचं. मागे बेडरूम असेल तर पट्टी प्लास्टरमध्ये बुडवून टाका, पण आधी तिला गंजरोधक रंग द्या.