टोन वाजला, पण कुणाचा? मेसेजच्या आवाजाबद्दल वाचकांचे प्रश्न

फोन वाजतोय, पण कशासाठी वाजतोय तेच कळत नाही, अशी तक्रार या खेपेच्या बहुतेक पत्रांत आहे. त्यातली आठ घेतली आहेत. काहींची उत्तरं लांबली, काहींना दोन-चार ओळी पुरल्या.

प्रश्न : तालमीतल्या एकानं वाजवलेली हलगी रेकॉर्ड करून मेसेजला लावायची होती, पण टोनच्या यादीत फाइल दिसतच नाही. दोस्ताच्या फोनात दिसली, लावली. तर वर्गात मेसेज आला आणि हलगी थांबेचना. सरांनी फोन काढून घेतला. काय चुकलं?
– विद्यार्थी, शिवाजी पेठ

उत्तर : भावा, दुखणी दोन आहेत. तुझी फाइल चुकीच्या जागी पडली आहे. रेकॉर्डरची किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल आपापल्या फोल्डरात राहते आणि टोनची यादी तिथं बघायला जात नाही. फाइल मॅनेजर उघड. इंटर्नल स्टोरेजमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ नावाचं इंग्रजी फोल्डर असतं. नसेल तर तयार कर, फाइल तिथं कॉपी कर आणि फोन एकदा बंद करून चालू कर. ‘रिंगटोन्स’ फोल्डरात टाकलीस तर ती कॉलच्या यादीत जाईल.

दोस्ताचं दुखणं लांबीचं. कॉल उचलला की रिंगटोन थांबतो. मेसेजचं तसं नाही, बहुतेक फोनांत फाइल संपेपर्यंत आवाज चालूच राहतो. म्हणून हलगीचा एकच तुकडा घ्या, दीड-दोन सेकंदांचा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला अर्धा सेकंद नुसती खुसखुस असते, ती कापा. पहिली थाप थेट कानावर आली पाहिजे.

एक अनुभवाचा सल्ला : घरात खरोखर वाजणारा कुठलाही आवाज टोनला लावू नका. मी हौसेनं कुकरची शिट्टी लावली होती. एका दुपारी लागोपाठ दोन मेसेज आले, बायकोनं बाहेरच्या खोलीतून हिशेब धरला आणि येऊन गॅस बंद केला. त्या दिवशी वरण कच्चं होतं आणि जेवताना कुणी माझ्याशी बोललं नाही.

प्रश्न : पेन्शन जमा झाली, पैसे काढले की बँकेचा मेसेज येतो. साड्यांच्या सेलचा, कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचाही येतो. आवाज सगळ्यांचा एकच. भाचीनं बँकेला वेगळा आवाज लावून दिला, पण तो कधी वाजतो, कधी नाही. फोन बिघडलाय का?
– निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : फोन ठणठणीत आहे, बाई, आणि भाचीनंही बरोबरच केलंय. गोम मेसेज पाठवणाऱ्याच्या नावात आहे.

बँकेचा मेसेज उघडून वरचं नाव नीट बघा. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग आडवी रेघ, मग बँकेचं आखूड नाव. ती पहिली दोन अक्षरं मेसेज कोणत्या कंपनीच्या जाळ्यातून आणि कोणत्या विभागातून आला ते सांगतात. बँक तीच, पण आज मेसेज ‘व्हीएम’ लावून येतो, उद्या ‘जेडी’ लावून. आपल्याला ती एकच बँक दिसते, फोनला मात्र दोन वेगळी माणसं दिसतात. तो दोघांची दोन संभाषणं करून ठेवतो. भाचीनं आवाज लावला तो एका संभाषणाला, दुसरं जुन्याच आवाजात वाजतंय.

म्हणून उलट्या बाजूनं चला. बँकेला वेगळा आवाज शोधत बसण्यापेक्षा जाहिरातींचा आवाज बंद करा. २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडलेलं असतं : ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेची माहिती, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. ‘पी’वालं संभाषण उघडायचं, वरच्या तीन ठिपक्यांतून तपशिलात जायचं, तिथून नोटिफिकेशनमध्ये जाऊन ‘सायलेंट’ करायचं. आठवडाभर जसजसे येतील तसतसे करत राहा. त्याहून सोपं हवं असेल तर १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट’, एक जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवा. नोंदणीकृत जाहिराती थांबतात, बँकेचे व्यवहाराचे मेसेज येत राहतात.

मग जे उरतं, त्याला एक ठळक आवाज द्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मेसेजेस, नोटिफिकेशन्स, आणि त्यात येणाऱ्या मेसेजची ओळ. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून एकाच अ‍ॅपच्या वेगवेगळ्या कामांना वेगळे आवाज देता येतात. तुमच्या बँकेचं अ‍ॅप फोनात असेल, तर व्यवहाराची सूचना आणि ऑफरची सूचना त्यातही वेगळी काढलेली आहे का ते बघा.

आणि आवाज बँकेचा वाजला म्हणून मेसेज बँकेचाच, असं धरू नका. दहा आकडी मोबाइल नंबरवरून ‘तुमचं खातं बंद होणार’ असं आलं, तर ते बँकेचं नव्हे. त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

प्रश्न : धोट्याच्या मागांची शेड आहे. सूतवाल्याचा, कापडवाल्याचा मेसेज दिवसभरात एकही ऐकू येत नाही. सगळ्यात मोठा टोन कुठला?
– यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : मागांपुढं जिंकेल असा टोन नाही, शोधूही नका. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याचे माग एकदम चालू असले की शेडमधला आवाज ती सहज ओलांडतो. नखाएवढा स्पीकर तिथं काय करणार?

कान सोडा, कातडीला आणि डोळ्याला कामाला लावा. फोन गल्ल्याच्या टेबलावर असेल तर थरथर कुणाला कळणार? विजारीच्या खिशात मांडीला चिकटून असला की कळते. त्याहून चांगला उपाय म्हणजे मनगटावरचा साधा स्मार्ट बँड. त्याच्या अ‍ॅपमध्ये फक्त फोन कॉल आणि मेसेज चालू ठेवा, बाकी सगळं बंद. नाहीतर दर मिनिटाला मनगट थरथरेल आणि चार दिवसांत तुम्ही बँड काढून ड्रॉवरमध्ये टाकाल. मेसेज आला की कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकण्याची सोयही आहे : नव्या अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘फ्लॅश नोटिफिकेशन्स’, आयफोनमध्येही ॲक्सेसिबिलिटीतच. फोन पालथा ठेवलात तर फ्लॅश वर येतो, एवढं लक्षात ठेवा.

इअरफोनचा सल्ला कुणी देईल. वायरवाला इअरफोन घालून चालत्या मागाजवळ जायचं नाही. आणि सूतवाल्याला सांगून ठेवा, दराचं बोलायचं असेल तर मेसेज नको, सरळ फोन कर. कॉलची थरथर बराच वेळ चालते, मेसेजची एकदाच.

प्रश्न : मुलगी पुण्यात शिकते. तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला की कळावं आणि अपार्टमेंटच्या ग्रुपचा आला की कळू नये, असं होईल का? ग्रुप सोडता येत नाही, मी सेक्रेटरी आहे.
– गृहिणी, नागाळा पार्क

उत्तर : होईल. मुलीचं चॅट उघडा, वर तिच्या नावावर टिचकी मारा, नोटिफिकेशनमध्ये जाऊन तिचा वेगळा टोन लावा. ग्रुपच्या नावावर टिचकी मारून ‘म्यूट’ आणि त्यात ‘ऑलवेज’. सेक्रेटरीची अडचणही यात सुटते : ग्रुप म्यूट असला तरी कुणी तुमचं नाव @ लावून लिहिलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तर सूचना येते. पाण्याची मोटर बंद पडली की तुमचं नाव लावून लिहा, असं सगळ्यांना सांगून ठेवा. सुप्रभातची फुलं गप्पगार येतील.

प्रश्न : आयफोन वाजायला लागतो आणि हातात घेऊन बघितला की आवाज आपोआप बारीक होतो. स्पीकर गेला का?
– व्यापारी, शाहूपुरी

उत्तर : गेला नाही. फेस आयडीवाला आयफोन तुम्ही त्याच्याकडं बघताय हे ओळखतो आणि आवाज उतरवतो. नको असेल तर सेटिंग्जमध्ये फेस आयडीच्या पानावर ‘अटेन्शन अवेअर फीचर्स’ बंद करा. दुकानात जाण्याआधी हे करा, म्हणजे स्पीकर बदलायचे पैसे वाचतील.

प्रश्न : लावलेला टोन महिन्याभरानं आपोआप जाऊन कंपनीचा जुना टोन परत येतो.
– रिक्षाचालक, गंगावेश

उत्तर : टोन जात नाही, त्याची फाइल जाते. फोन फक्त फाइलचा पत्ता लक्षात ठेवतो. जागा भरली म्हणून तुम्ही ‘क्लीनर’ चालवलात, व्हॉट्सअ‍ॅपचा कचरा काढलात, मेमरी कार्ड बदललंत, की त्या पत्त्यावर कुणी राहत नाही आणि फोन मूळ टोनवर येतो. पहिल्या उत्तरातल्या ‘नोटिफिकेशन्स’ फोल्डरात, फोनच्याच मेमरीत, फाइल ठेवा. तरीही गेला तर थीम बदलली होती का ते आठवा. काही फोनांत थीमबरोबर टोनही बदलतो.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. फोनचा आवाज पूर्ण वाढवूनही मेसेज ऐकू येत नाही, पण आमचं बोलणं व्यवस्थित ऐकतात.
– मुलगा, कसबा बावडा

उत्तर : वयाबरोबर आधी बारीक, टिपेचे आवाज जातात. फोनबरोबर येणारे टोन बहुतेक तसलेच असतात, काचेवर नख मारल्यासारखे. तुम्ही आवाज वाढवत गेलात आणि ऐकू न येणारा सूरच मोठा होत गेला. पट्टी खाली आणा. अगदी डग्ग्यासारखा खोल आवाजही उपयोगाचा नाही, तो छोट्या स्पीकरमधून निघतच नाही. साधारण ५०० ते २००० हर्ट्झच्या मधला, म्हणजे हार्मोनियमच्या तार सप्तकातला किंवा लाकडावर टकटक केल्यासारखा आवाज निवडा.

सुरापेक्षा ठेका लवकर ओळखू येतो, त्याचाही फायदा घ्या. वडिलांनी जुना नोकिया वापरला असेल तर त्याचा मेसेजचा टोन त्यांना आठवेल : तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड. मोर्स लिपीत ती ‘एसएमएस’ हीच अक्षरं आहेत. तसाच तीन-दोन-तीनचा ठेका टेबलावर पेन्सिलीनं वाजवा, रेकॉर्ड करा आणि लावा. बसवताना वडिलांना शेजारच्या खोलीत बसवून तीन-चार टोन ऐकवा. निवड त्यांच्या कानानं होऊ दे, तुमच्या नको.

प्रश्न : पावसाळ्यात रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवला तर पुराची सूचना चुकायची भीती, चालू ठेवला तर दर दोन मिनिटांनी पातळीचे मेसेज. झोपायचं कसं?
– शेतकरी, प्रयाग चिखली

उत्तर : २०१९ आणि २०२१चे महापूर बघितलेल्या गावाला झोपा म्हणून सांगणं सोपं नाही. तरी पातळीचा प्रत्येक इंच रात्री कानावर पडायची गरज नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. उठायला लागणार ते अशा टप्प्यांवर. तेव्हा सगळे ग्रुप म्यूट करा आणि उठवायचं काम माणसांवर सोपवा.

नदीकडच्या बाजूला राहणारा एक शेजारी आणि गावातला एक जबाबदार माणूस, असे दोनच नंबर ‘स्टार’ करा. ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या सेटिंगमध्ये स्टार केलेल्यांच्या कॉलना परवानगी द्या. सोबत ‘रिपीट कॉलर्स’ चालू करा : अँड्रॉइडमध्ये त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो, आयफोनमध्ये ही मुदत ३ मिनिटांची. त्या दोघांना मेसेज न टाकता फोनच करायला सांगा.

सरकारी धोक्याचा इशारा वेगळ्या वाटेनं येतो. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनांवर तो एकदम सोडतात, त्याला तुमचा नंबर लागत नाही. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा फोन अचानक भोंग्यासारखे ओरडले होते, तोच तो आवाज. तो टोन बदलता येत नाही, तेच बरं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी अलर्ट’ लिहून तो चालू आहे ना बघा. त्या चाचणीला वैतागून अनेकांनी तो बंद केला होता.

हे सगळं पाऊस लागायच्या आधी करा. एका रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकून उशाशी ठेवा आणि शेजाऱ्याला दहानंतर फोन करायला सांगा. वाजला नाही, तर दुसऱ्या दिवशी परत सेटिंग उघडायचं.