‘ब्लड डोपिंग’ला ‘रक्तातील उत्तेजक’ म्हणावे का?

नाशिकच्या एका क्रीडाशिक्षकांचा प्रश्न आहे: बातम्यांत ‘ब्लड डोपिंग’साठी ‘रक्तातील उत्तेजक’ असे लिहितात, ते योग्य आहे का, आणि नसल्यास मराठीत काय म्हणावे?

माझ्या मते योग्य नाही. उत्तेजक म्हणजे चेतवणारे द्रव्य, आणि येथे चेतवण्याचा संबंधच नसतो. खेळाडूचे रक्त काही आठवडे आधी काढून साठवतात, शरीराने ती तूट भरून काढली की स्पर्धेच्या तोंडावर तेच परत चढवतात. तांबड्या पेशी वाढल्याने स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो आणि लांब पल्ल्याचा धावपटू उशिरा थकतो. दुसऱ्याचे रक्त चढवणे किंवा तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणारे ईपीओ हे संप्रेरक टोचून घेणे, हेही यातच मोडते.

‘डोप’ या शब्दाच्या मुळातही उत्तेजक नाही. हा शब्द डच भाषेतला. मूळ अर्थ, ज्यात पदार्थ बुडवून खायचा ते दाटसर कालवण. त्यामागचे क्रियापद ‘बुडवणे’, म्हणजे इंग्रजी ‘डिप’चे भावंड. (आपल्याकडे निफाड-दिंडोरीचे बागायतदार द्राक्षघड जीएच्या (मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवतात आणि त्याला ‘डिपिंग’च म्हणतात, घराणे एकच!)

‘रक्तभेसळ’ हा शब्दही सुचवला जातो. दुसऱ्याचे रक्त असेल तर तो चपखल बसतो, कारण ते पकडतातही भेसळीसारखेच: मुख्य रक्तगट जुळला तरी पेशींवरच्या गौण रक्तगटांच्या खुणा जुळत नाहीत आणि एकाच नमुन्यात दोन प्रकारच्या पेशी दिसतात. 2004 मध्ये सायकलपटू टायलर हॅमिल्टन असाच सापडला. ईपीओसाठी लघवीची चाचणी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून आहे. पण स्वतःचेच रक्त परत घेतले, तर भेसळ कशाची म्हणावी?

अशा वेळी कामी येते ते 2009 पासून ‘वाडा’ने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) लागू केलेले ‘बायोलॉजिकल पासपोर्ट’. त्याचे ‘जैविक पारपत्र’ हे भाषांतर मला पटत नाही. पारपत्र पुढे जाऊ देते, हे अडवते. खरे तर ती रक्ताची खतावणी आहे. वर्षानुवर्षे हिमोग्लोबिन आणि कोवळ्या तांबड्या पेशींचे प्रमाण टिपत जातात. रक्त काढल्यावर कोवळ्या पेशी वाढतात. परत चढवल्यावर हिमोग्लोबिन वाढते आणि कोवळ्या पेशी घटतात, कारण पेशी पुरेशा आहेत असे समजून शरीर नवी निर्मिती आवरते घेते. जमाखर्च जुळेनासा झाला की तज्ज्ञांपुढे प्रकरण जाते.

नुसते ‘रक्तवर्धन’ म्हटले तर खजूर-बीटही त्यात येतील, म्हणून नियमांच्या भाषेत ‘अवैध रक्तवर्धन’ म्हणावे. बातमीत ‘ब्लड डोपिंग’ खुशाल ठेवावे. मात्र खतावणीवरून पकडलेल्या खेळाडूबद्दल ‘रक्तात उत्तेजक सापडले’ असे लिहू नये, ‘रक्ताच्या नोंदींत विसंगती आढळली’ असे लिहावे.