वर्गणी भरली, पुढे काय?

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात आहे, पाळ्या बदलत असतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध काम करणाऱ्या एका राज्यव्यापी संघटनेच्या नाशिक शाखेचा सभासद झालो. व्हॉट्सअ‍ॅप गटात घेतलं, पण काम काही मिळालं नाही. दोन बैठकांना गेलो, शेवटच्या खुर्चीवर बसून परत आलो. वेळ देता येत नसेल तर सभासद राहावं का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : त्या शेवटच्या खुर्चीवर मीही सहा महिने काढलेत. एकदा बैठक संपल्यावर खुर्च्या रचायला लागले, तेव्हा कुठे सचिवांनी नाव विचारलं. (बाकीचे तोवर चहाला पसार झाले होते, ती तक्रार पुन्हा कधीतरी.)

तुमच्या पाळ्यांना तुम्ही अडचण समजताय. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी अकराला मोकळं कोण असतं? शाखेतले मास्तर आणि बँकवाले नसतात, तुम्ही असता. आणि कचेऱ्या, पोलीस ठाणी, सगळी कामं त्याच वेळेची.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं ‘जात पंचायतीला मूठमाती’ अभियान २०१३ मध्ये आपल्या नाशिकमधूनच सुरू केलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण वाळीत टाकलेलं कुटुंब ठाण्याच्या पायरीवरच कचरतं. त्यांच्याबरोबर बाकावर बसायला, अर्ज नीट लिहून द्यायला, पोच घ्यायला माणूस लागतो. शिवाय कुटुंब नाशिकचं, पंच दुसऱ्या जिल्ह्यातले, असं सर्रास असतं. तिथल्या शाखेत ओळखीचं कुणी असेल तर एका फोनवर निरोप पोचतो. राज्यभर शाखा असण्याचा मला दिसलेला खरा फायदा हा.

तेव्हा सचिवांना तुमच्या पाळ्यांचं महिन्याचं वेळापत्रक लिहून द्या आणि सांगा, “या सकाळी मी येईन.” एकटे जाऊ नका, पहिल्या दोन-तीन वेळा जुन्या कार्यकर्त्याच्या मागे राहा आणि तक्रारदाराचं नाव घरीसुद्धा काढू नका.

संघटनेची घटना मागून वाचा. मतदानाचा हक्क कधीपासून, वार्षिक सभेत हिशेब मांडतात का, हे वर्गणी भरणाऱ्यानं विचारायचंच असतं. विचारल्यावर कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर शाखेचा मला संशय येईल, तुमचा नाही.

गट मात्र खुशाल म्यूट करा. मीही केलाय.